पाकिटात बंद राहणारे मत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मतदान केंद्रात पहिल्या टेबलावर चिठ्ठी पुढे केली आणि समोरच्या अधिकाऱ्याने यादीवर बोट ठेवून ‘तुमचे मत तर झाले आहे’ असे सांगितले, तर मतदाराने करायचे काय? बहुतेक जण एक तर हुज्जत घालतात, नाही तर मुकाट्याने घरी जातात आणि पुढची पाच वर्षे ‘आमचे मत कोणीतरी टाकून गेले’ म्हणून सांगत राहतात. कायद्याने त्यांच्यासाठी वेगळी वाट ठेवलेली आहे. तिचे नाव प्रदत्त मत, बोलण्यातला शब्द ‘टेंडर व्होट’. महापालिकांचे मतदान १५ जानेवारी २०२६ ला झाले, त्याआधी डिसेंबरमध्ये नगरपरिषदा झाल्या. या काळात दुबार नावे, पुसली जाणारी शाई, बोगस मतदान यांवर पुष्कळ बोलले गेले. ज्याचे मत दुसऱ्याने दिले त्या मतदाराच्या हातात नेमके काय उरते, यावर मात्र कोणी फारसे बोलले नाही. त्यासाठी हे पत्र.

आधी एक गैरसमज दूर करायला हवा. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीपासून एक संदेश मोबाइलवर फिरतो आहे आणि प्रत्येक निवडणुकीला नव्याने उगवतो. यादीत नाव नसेल तर आधार कार्ड दाखवा, ‘कलम ४९ अ’खाली ‘चॅलेंज व्होट’ मागा, आणि एखाद्या केंद्रावर १४ टक्क्यांहून जास्त टेंडर व्होट झाले तर तिथे फेरमतदान होते, असा त्याचा मजकूर. यातले जवळजवळ सगळे चुकीचे आहे. निवडणूक संचालन नियमांतला ४९ अ हा नियम मतदान यंत्राच्या रचनेबद्दल आहे. यादीत नावच नसेल तर मतदानाच्या दिवशी कोणताही उपाय नाही, आधार कार्डाने तो मिळत नाही. ‘चॅलेंज’ मतदाराने करायचा नसतो. रांगेतल्या माणसाच्या ओळखीला उमेदवाराचा मतदान प्रतिनिधी हरकत घेतो, तेव्हा ते आक्षेपित मत होते. १४ टक्क्यांची अट तर कुठल्याच नियमात नाही. यंत्र बिघडले वा नष्ट झाले, केंद्र ताब्यात घेतले गेले किंवा प्रक्रियेत निवडणूकच दूषित होईल अशी चूक झाली, तर फेरमतदान होते. टेंडर मतांची टक्केवारी मोजून होत नाही. हा संदेश वाचून केंद्रावर गेलेला माणूस जेव्हा परत पाठवला जातो, तेव्हा त्याला वाटते की अधिकाऱ्याने आपला हक्क नाकारला. अविश्वासाची सुरुवात पुष्कळदा इथेच होते.

आता खरी पद्धत. लोकसभा-विधानसभेसाठी ती नियम ४९ प मध्ये लिहिलेली आहे आणि स्थानिक संस्थांच्या निवडणुकांतही याच धाटणीने ती चालते. मतदाराचे नाव यादीत आहे, पण त्या नावावर आधीच कोणीतरी मत देऊन गेले आहे, एवढीच स्थिती त्यासाठी लागते. अशा वेळी मतदान केंद्राध्यक्ष मतदाराला ओळखीबद्दल प्रश्न विचारतो. वडिलांचे वा पतीचे नाव, घर क्रमांक, वय, जवळचे ओळखपत्र. उत्तरांनी समाधान झाले की मतदाराला यंत्रावर न पाठवता कागदी मतपत्रिका द्यायची. तिच्या मागच्या बाजूला ‘प्रदत्त मतपत्रिका’ असा शिक्का हवा. शिक्का नसेल तर केंद्राध्यक्षाने ते शब्द स्वतःच्या हाताने लिहून खाली सही करायची. मतपत्रिका हातात पडण्याआधी मतदार प्रदत्त मतांच्या यादीत सही किंवा अंगठा करतो. मग बाणफुलीचा रबरी शिक्का घेऊन मतदान कक्षात जायचे, उमेदवारासमोर शिक्का मारायचा, घडी घालायची आणि बाहेर येऊन ती केंद्राध्यक्षाच्या हातात द्यायची. तो ती यासाठीच ठेवलेल्या वेगळ्या पाकिटात घालतो. मतपेटी नाही, यंत्र नाही. दिवसाअखेर ते पाकीट यादीसह मोहोरबंद होते.

त्या यादीचा नमुना जरा जवळून पाहण्यासारखा आहे. विधानसभेच्या निवडणुकीत तो १७ ब या नावाने ओळखला जातो. अनुक्रमांक, मतदाराचे नाव, मतदार यादीतला त्याचा क्रमांक, आणि त्यानंतर सगळ्यात महत्त्वाचा रकाना: या नावावर आधी ज्याने मत दिले त्याचा मतदार नोंदवहीतला (यंत्रावर जाण्याआधी मतदार जिथे सही करतो त्या वहीतला) अनुक्रमांक. शेवटी सही. म्हणजे तोतयाने नोंदवहीत सकाळी नऊ-साडेनऊला केलेली सही कुठल्या ओळीत आहे, हे या चौथ्या रकान्यावरून सापडते. पुढे पोलीस तक्रार असो की न्यायालय, सगळे या एका आकड्यावर उभे राहते. घाईत नेमका हाच रकाना कोरा राहतो. प्रदत्त मत देणाऱ्या मतदाराने सही करण्यापूर्वी तो भरलेला आहे का, हे पाहावे आणि आकडा लक्षात ठेवावा.

आणखी काय काय बिघडते तेही सांगायला हवे. सर्वांत सामान्य चूक म्हणजे केंद्राध्यक्षाने मतदाराला ‘झाले आहे मत, आता काही करता येत नाही’ असे सांगून परत पाठवणे. हे अनेकदा दुष्टाव्याने होत नाही. प्रशिक्षणाचा बहुतेक वेळ यंत्र जोडणे, अभिरूप (चाचणीचे) मतदान आणि मोहोरबंद करणे यातच जातो, आणि प्रदत्त मत पाच मिनिटांत उरकले जाते. दुसरी चूक याच्या उलट: वाद नको म्हणून मतदाराला सरळ यंत्रावर मत देऊ देणे. मग एकाच नावावर दोन मते यंत्रात जातात. नोंदवहीत त्याची नोंद केली तर एकच मतदार क्रमांक दोनदा येतो, नाही केली तर संध्याकाळी कंट्रोल युनिटची एकूण मते आणि नोंदवहीतला शेवटचा अनुक्रमांक जुळत नाहीत. एका मताची तफावत दिसली की पुढच्या तासाभरात यंत्रात गडबड असल्याची बातमी गावभर होते. तिसरी चूक सहीची. मतदाराची सही प्रदत्त मतांच्या यादीऐवजी नेहमीच्या नोंदवहीत घेतली, तरीही हिशेब असाच चुकतो.

चौथी चूक प्रभागांच्या रचनेतून येते. मुंबई वगळता महापालिकांत बहुसदस्यीय प्रभाग आहेत आणि बहुतेक ठिकाणी एक मतदार चार जागांसाठी चार मते देतो. प्रदत्त मत देणाऱ्यालाही चारही जागांच्या चार मतपत्रिका मिळायला हव्यात. एक मतपत्रिका देऊन बोळवण केली तर त्याच्या हक्काचा तीन चतुर्थांश भाग गेला. तिथे मतदाराने ‘बाकीच्या जागांच्या मतपत्रिका?’ एवढे शांतपणे विचारावे. साहित्याचाही प्रश्न आहे. विधानसभेच्या निवडणुकीत प्रत्येक केंद्राला या कामासाठी २० मतपत्रिका दिल्या जातात. त्या सकाळी मोजून, त्यांचे अनुक्रमांक टिपून ठेवायचे असतात. चार जागा असल्या की गठ्ठे चार होतात आणि मोजदाद चौपट.

‘तुमचे मत झाले आहे’ याचा अर्थ दर वेळी बोगस मतदान असा नसतो, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. यादीच्या चिन्हांकित प्रतीवर पहिला मतदान अधिकारी लाल शाईने नावाखाली रेघ मारतो आणि महिला मतदार असेल तर शेजारी बरोबरची खूणही करतो. एकाच पानावर ‘सुनीता रमेश पाटील’ आणि ‘सुनीता राजेश पाटील’ अशा दोघी असल्या, बाहेर रांग शंभर माणसांची असली, की रेघ एका ओळीने घसरते. पुढे राजेशरावांच्या घरातली सुनीता येते तेव्हा तिच्या नावावर रेघ दिसते. अशा वेळी केंद्राध्यक्षाने पहिल्यांदा नोंदवही उघडली पाहिजे. त्या क्रमांकासमोरची सही वाचावी, ओळखपत्राच्या रकान्यात काय लिहिले आहे ते पाहावे, मागच्या-पुढच्या चार नावांच्या नोंदी तपासाव्यात. दोन मिनिटांचे काम आहे. सही ‘सु. रमेश’ अशी निघाली तर प्रकरण कारकुनी चुकीचे आहे. चूक मतदान प्रतिनिधींसमोर दुरुस्त करून शेऱ्यात नोंदवली की तिथल्या तिथे मिटते. हे न करता थेट कागदी मतपत्रिका दिली, तर यंत्रावर मत देऊ शकणाऱ्या एका खऱ्या मतदाराचे मत पाकिटात अडकते.

अडकते असे म्हणण्याचे कारण, आणि या पत्राचा मुख्य मुद्दा हाच, की प्रदत्त मत मोजले जात नाही. मतमोजणीच्या दिवशी ते पाकीट टेबलावर येते, पण उघडायचे नाही असा स्पष्ट नियम आहे. ते मत एकूण मतदानात धरले जात नाही, उमेदवाराच्या बेरजेत येत नाही, निकालाच्या जाहीर आकड्यांत दिसत नाही. निवडणूक याचिका झाली आणि न्यायालयाने मागितले, तरच ते पाकीट उघडते. मतदाराला हे कोणी सांगत नाही. तो शिक्का मारून, घडी घालून, बोटाला शाई लावून समाधानाने बाहेर पडतो. हाती पावती नसते आणि आपल्या मताचे पुढे काय झाले हे विचारायची जागाही नसते.

न्यायालयाची वाट कशी आहे तेही पाहू. गोव्यातल्या विधानसभा निवडणुकीवरून डॉ. विल्फ्रेड डिसोझा यांचे प्रकरण सत्तरच्या दशकात सर्वोच्च न्यायालयात गेले होते. पुढे ते गोव्याचे मुख्यमंत्री झाले. त्या निकालाचा सार असा की प्रदत्त मत आपोआप मोजता येत नाही. आधीचे मत खऱ्या मतदाराने दिलेले नव्हते हे पुराव्याने सिद्ध व्हायला हवे, आणि ते झाले की आधीचे मत बाजूला काढून प्रदत्त मत धरायचे. राजस्थानात २००८ साली नाथद्वारा मतदारसंघात सी. पी. जोशी एका मताने हरले. तिथल्या प्रदत्त मतांचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला. २०११ च्या निकालातून उमेदवारांनी आणि वकिलांनी घ्यायचा धडा हा, की लेखी मांडणीत जे मागितलेच नाही ते नंतर मागता येत नाही. कुठल्या केंद्रावरचे कुठले प्रदत्त मत, हे पहिल्या कागदातच लिहावे लागते. आणि मुदत फार थोडी असते. विधानसभेसाठी ४५ दिवस मिळतात, महापालिकेच्या निवडणुकीला १० आणि ग्रामपंचायतीला १५. दहा दिवसांत केंद्रनिहाय प्रदत्त मतांची माहिती गोळा करणे हे ती माहिती आधीपासून हाताशी असेल तरच शक्य आहे.

ती हाताशी असू शकते, हे बहुतेक उमेदवारांच्या ध्यानात येत नाही. मतदान संपल्यावर केंद्राध्यक्ष मतांच्या नोंदीचा जो हिशेब लिहितो (विधानसभेत नमुना १७ क), त्यात किती जणांना प्रदत्त मतपत्रिका दिल्या, किती आल्या होत्या, किती उरल्या, या सगळ्यांचे रकाने आहेत. या हिशेबाची प्रत हजर असलेल्या प्रत्येक मतदान प्रतिनिधीला द्यायची असते. प्रतिनिधी ती घेतो, एकूण मतांचा आकडा मोबाइलवर कळवतो आणि कागद खिशात घालतो. खालचा रकाना वाचतो कोण?

स्थानिक निवडणुकांत या रकान्याचे वजन मोठ्या निवडणुकांपेक्षा कितीतरी जास्त आहे. लोकसभेच्या मतदारसंघात पाच-पंचवीस प्रदत्त मतांनी काही हलत नाही. ग्रामपंचायतीच्या प्रभागात काही शे मतदार असतात, तिथे एक-दोन मतांनी निकाल लागणे ही नित्याची गोष्ट आहे. मोठ्या शहरातही हे घडते. २०१७ साली मुंबई महापालिकेच्या प्रभाग २२० मध्ये अतुल शाह आणि सुरेंद्र बागलकर यांना समान मते पडली आणि नगरसेवक चिठ्ठी टाकून ठरला. समान मते पडलेल्या अशा जागी मतदाराच्या हाताचे एक जरी मत न उघडलेल्या पाकिटात पडून असेल, तर चिठ्ठी काढण्याआधी ते पाकीट का पाहू नये, हा प्रश्न कोणालाही पडेल.

इथे एक हिशेब नीट समजून घ्यावा. एका प्रदत्त मताने फरक एका मताचा पडतो असे वाटते, पण तो दोनपर्यंत जाऊ शकतो. तोतयाने मत ‘क’ला दिले आणि खऱ्या मतदाराने कागदावर ‘ख’ला दिले असे धरा. खरे चित्र हवे तर ‘क’चे एक कमी करायचे आणि ‘ख’चे एक वाढवायचे. त्यामुळे प्रभागात तीन प्रदत्त मते असतील तर सहा मतांपर्यंतची आघाडी संशयाच्या कक्षेत येते. त्याहून जास्त आघाडी असेल तर ती मते निकाल बदलूच शकत नाहीत, आणि हेही आकड्याने जाहीर सांगता येते. पराभूत उमेदवाराच्या कार्यकर्त्यांनी ‘बोगस मतांनी हरवले’ म्हणायच्या आधी ही साधी गुणाकाराची कसोटी लावली, तर निम्मे वाद तिथेच थांबतील.

यात एक अडचण खरी आहे. कागदी मतपत्रिकांच्या काळात स्थळप्रतीवर (मतपत्रिका फाडून दिल्यावर मागे उरणाऱ्या भागावर) मतदाराचा यादीतला क्रमांक नोंदलेला असे, त्यामुळे तोतयाची मतपत्रिका न्यायालयाला शोधून काढता येई. यंत्रावर गेलेले मत मतमोजणीच्या टेबलावर कोणाचे ते ओळखता येत नाही आणि गुप्ततेसाठी ते तसेच असायला हवे. आपल्या स्थानिक निवडणुकांत व्हीव्हीपॅट, म्हणजे दिलेल्या मताची कागदी चिठ्ठी छापणारे यंत्र, तेही नसते. म्हणजे त्या खोलीत मतदाराच्या हाताची खूण असलेला कागद एकच, प्रदत्त मतपत्रिका. आणि तीच आपण मोजत नाही.

अमेरिकेत हा प्रश्न वेगळ्या टोकाने सोडवला आहे. २००० सालच्या अध्यक्षीय निवडणुकीत फ्लोरिडात झालेल्या गोंधळानंतर तिथे २००२ मध्ये ‘हेल्प अमेरिका व्होट ॲक्ट’ झाला. केंद्रावर यादीत नाव सापडले नाही किंवा पात्रतेवर शंका आली, तरी मतदाराला परत पाठवायचे नाही, प्रोव्हिजनल बॅलट म्हणजे तात्पुरती मतपत्रिका द्यायची, असा तो नियम. मतदार आपण पात्र असल्याचे लेखी प्रतिज्ञापन करतो, मतपत्रिका लिफाफ्यात जाते, पुढच्या काही दिवसांत कार्यालय नोंदी तपासते आणि पात्र ठरलेली मतपत्रिका एकूण मतांत मिळवते. आपले मत मोजले का, नसेल तर का नाही, हे मतदाराला विनाशुल्क कळवण्याची सोय करणे कायद्याने बंधनकारक आहे. २०२० च्या निवडणुकीत अशा सुमारे १७ लाख मतपत्रिका पडल्या आणि त्यांतल्या तीन चतुर्थांशाहून जास्त मोजल्या गेल्या. न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी मंडळींना हा प्रकार परिचयाचा असेल: टपाली मतपत्रिका मागवलेला मतदार केंद्रावर गेला, तर त्याला तात्पुरत्या मतपत्रिकेवरच मत द्यावे लागते, कारण आधीची पाठवली गेली आहे का याची खात्री करायची असते.

ती पद्धत निर्दोष आहे असे नाही. निकाल लांबतात. लिफाफ्यावरची सही राहिली की मत बाद. अनेक राज्यांत मतदार भलत्या केंद्रावर गेला की त्याची सगळी मतपत्रिका बाद होते, राज्यपातळीवरच्या पदांचे मतसुद्धा. जॉर्जियात ओळखपत्र न दाखवता दिलेले मत वाचवायचे तर निवडणुकीनंतरच्या शुक्रवारपर्यंत कार्यालयात जाऊन ओळख पटवावी लागते. मोलमजुरी करणाऱ्याला ते जमतेच असे नाही. आपण तिथली पद्धत जशीच्या तशी आणावी असे सुचवायचे नाही. आपल्याकडे यादीत नाव नसलेल्या माणसाला मतदानाच्या दिवशी मत देऊ दिले, तर त्याचा काय बाजार होईल हे सांगायला नको. घ्यायच्या गोष्टी दोन: शंकेतले मत तपासून मोजता येते ही भूमिका, आणि मतदाराला उत्तर देण्याचे बंधन.

महाराष्ट्रात यासाठी संसदेकडे पाहावे लागत नाही. राज्यघटनेच्या २४३ ट आणि २४३ यक या अनुच्छेदांनी स्थानिक निवडणुकांचे संचालन राज्य निवडणूक आयोगाकडे दिले आहे आणि त्याविषयी कायदा करण्याचा अधिकार विधिमंडळाकडे. काही गोष्टी तर कायदा न बदलता आयोगाच्या आदेशाने उद्यापासून होऊ शकतात. मतदान संपल्यावर टक्केवारीबरोबर केंद्रनिहाय प्रदत्त मतांची संख्या जाहीर करावी. मतमोजणीच्या प्रत्येक फेरीत केंद्राचा आकडा वाचताना तीही मोठ्याने वाचावी. निकालपत्रकात तिच्यासाठी एक रकाना वाढवावा. प्रदत्त मत देणाऱ्याला एक छापील पोच द्यावी, तिच्यावर केंद्र क्रमांक, यादीतला क्रमांक, वेळ आणि एक वाक्य असावे: हे मत मोहोरबंद राहील आणि न्यायालयाच्या आदेशाशिवाय मोजले जाणार नाही. कटू वाटले तरी ते मतदाराला तिथेच सांगितलेले बरे, निकालानंतर दुसऱ्या कोणाकडून कळण्यापेक्षा.

कायद्यातला बदल मर्यादित असावा. जिथे आघाडी प्रदत्त मतांच्या दुपटीइतकी किंवा त्याहून कमी असेल, किंवा समान मते पडली असतील, फक्त तिथे निवडणूक निर्णय अधिकाऱ्याने निकाल ४८ तास राखून ठेवावा. संबंधित मतदारांना बोलावून त्यांची सही नोंदवहीतल्या आधीच्या सहीशी, उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर ताडून पाहावी. तोतयेगिरी उघड असेल तर ते प्रदत्त मत मोजावे, आणि तोतयाचे मत वजा करण्याचा प्रश्न न्यायालयासाठी नोंदवून ठेवावा. इथे गुप्ततेची काळजी घ्यावीच लागेल. प्रभागात एकच प्रदत्त मत असेल आणि ते एकटे उघडले, तर त्या माणसाने कोणाला मत दिले हे सगळ्या गल्लीला कळेल. म्हणून टपाली मतपत्रिकांचा संच मिसळून मोजण्यासाठी राखून ठेवावा आणि प्रदत्त मतपत्रिका, त्यांच्या मागचा शिक्का वर दिसणार नाही अशा तऱ्हेने, त्यात मिसळावी. टपाली मतेच नसतील तिथे एकट्या मताला हात न लावता ते न्यायालयावर सोडावे.

यावर एक आक्षेप येईल की हरणारा पक्ष मुद्दाम प्रदत्त मतांचा ढीग लावून निकाल अडवेल. तसे करणे वाटते तितके सोपे नाही. प्रदत्त मत त्याच नावावर देता येते ज्यावर आधी मत पडलेले आहे. ते खोटे असेल तर देणाराच तोतया ठरतो, आणि त्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही आहे. शिवाय त्याची सही आणि नाव यादीत कायमचे राहते. दुसऱ्याच्या नावावर यंत्राचे बटण दाबून निघून जाणाऱ्यापेक्षा हा माणूस सापडणे कितीतरी सोपे.

शेवटी दुबार नावांबद्दल. या वेळी आयोगाने संभाव्य दुबार मतदारांच्या नावापुढे दोन तारे छापले आणि अशा मतदाराकडून केंद्रावर ‘मी दुसरीकडे मत दिलेले नाही व देणार नाही’ असे हमीपत्र घेण्याची व्यवस्था केली. मुंबईच्या प्रारूप यादीतच अशा नोंदी ११ लाखांच्या घरात होत्या. कल्पना चांगली आहे, पण हमीपत्र दिल्यावर तो मतदार सरळ यंत्रावर मत देतो. ते मत परत काढता येत नाही. त्यामुळे या हमीपत्रांचा उपयोग एकच: निवडणुकीनंतर ती एकमेकांशी आणि दोन्ही केंद्रांच्या नोंदवह्यांशी ताडून पाहणे. एकाच व्यक्तीची सही दोन केंद्रांवर सापडली तर गुन्हा नोंदवावा, आणि न सापडलेल्यांची नावे पुढच्या यादीत तारे काढून छापावीत. किती हमीपत्रे घेतली, किती ताडली, किती ठिकाणी दोनदा मतदान आढळले, हे तीन आकडे प्रभागवार प्रसिद्ध व्हायला हवेत. नोंदवह्या आणि प्रदत्त मतांची पाकिटे मुदत संपल्यावर नष्ट होतात. ते होण्याआधी, ज्या प्रभागांत आघाडी दहा मतांच्या आत होती निदान तिथली प्रदत्त मतांची संख्या आयोगाने संकेतस्थळावर टाकावी, अशी या पत्राद्वारे विनंती आहे.

आपला,
निवडणूक कामाची माहिती असलेला एक वाचक, सातारा